अकरावी-बारावीची झोप कुणी ठरवायची?

बारावीच्या वर्षी मी एक जुनी दोनशेपानी वही वेगळ्या कामासाठी ठेवली होती. रोज रात्री झोपताना त्यात तीन ओळी लिहायच्या. आज किती वाजता पाठ टेकली, सकाळी किती वाजता उठले होते, आणि दिवसभरात जे शिकले त्यातलं पुस्तक मिटून आत्ता काय आठवतंय. प्रयोगवहीत निरीक्षणं लिहितात तशी, मनातलं काही न घालता. जुलैत सुरू केली आणि फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात थांबवली. आता मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा माळा आवरताना ती वही हाती लागली आणि एका बैठकीत वाचून काढली.

वही सुरू करताना माझी खात्री होती की दोष माझ्यात आहे. प्रवेशपरीक्षेच्या तयारीच्या क्लासमध्ये महिन्यातून एकदा आम्हाला सवयींबद्दल भाषण असायचं. पहाटे चारला उठा, वेळेचं नियोजन करा, ज्याची सवय चांगली त्याची रँक चांगली. मला वाटायचं, माझी वेळ कुठे गळते ते सापडलं की मी ती गळती बुजवेन. आठ महिन्यांची पानं उलटल्यावर दिसलं ते असं: गणपतीला गावी गेलेले पाच दिवस सोडले तर झोपेच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटांपलीकडे फरकच नाही. सव्वाबारा, बारा वीस, सव्वाबारा, साडेबारा. उठण्याची वेळ रोज पाच चाळीस. सवयीसाठी मी धडपडत होते, आणि सवय तर केव्हाच पक्की झाली होती. ती मी लावून घेतली नव्हती, इतकंच. ती लावली होती क्लासच्या वेळापत्रकानं, ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकनं आणि त्या कॉलेजनं, जिथे माझं नाव होतं पण मी जात नव्हते.

म्हणून हा लेख. विज्ञान शाखेतल्या मुलांना 'तब्येत सांभाळा, झोप घ्या, ताण घेऊ नका' असं सगळेच सांगतात. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा दिवस मोठी माणसं ठरवतात. मग त्या दिवसात झोप बसते की नाही हा प्रश्न त्या मुलाच्या मनोनिग्रहाचा कसा होतो? माझं म्हणणं असं की तो सार्वजनिक प्रश्न आहे. रस्त्यावरच्या दिव्यांसारखा, पिण्याच्या पाण्यासारखा. त्याला नियम लागतात, आणि तो नियम पाळला जातोय का हे बघणारं कुणीतरी लागतं.

आधी माझा दिवस सांगते. आम्ही राहतो कासारवडवलीला. क्लास नौपाड्यात. इंटिग्रेटेड, म्हणजे अकरावीचा प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिकायचं सगळं क्लासमध्ये. साडेसातला पहिलं लेक्चर, दीडपर्यंत. मग डबा. अडीचपासून पुन्हा बसायचं, त्याला 'सुपरवाइज्ड स्टडी' म्हणायचे, मध्ये डाउटचा तास, आणि पावणेनऊला सुटका. रविवारी टेस्ट. स्टेशनला चालत येऊन टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, बस पकडायची, मग माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. मेट्रोचे खांब आणि अवजड गाड्या यांच्यामधून बस रांगत जायची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी चौतीस किलोमीटर तोडून सुमारे तासाभरात ठाण्याला पोचली होती, हे आम्हा ठाणेकरांना शाळेपासून पाठ असतं. मला माझ्याच शहरात नौपाड्याहून घरी जायला त्याहून जास्त वेळ लागत होता. बाबा स्टॉपवर उभे असायचे. 'दमलीस का गं?' एवढंच विचारायचे आणि दप्तर घ्यायचे. दहा वीसला घर, जेवण, अकराला दुसऱ्या दिवशीचा प्रश्नसंच, सव्वाबाराला वही.

झोप सव्वापाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सगळा उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं. माझी तूट रोजची पावणेतीन तास. आठवड्याला एकोणीस तासांच्या वर. म्हणजे दर आठवड्याला दोन अख्ख्या रात्री मी जागत होते, फक्त त्या सात दिवसांत विखरून दिलेल्या होत्या म्हणून कुणाला दिसत नव्हत्या. मलाही नाही.

इथे घरातल्या मोठ्यांचा पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. 'आम्ही नाही का दहाला झोपून चारला उठायचो? तुम्हाला लवकर झोपच येत नाही.' हो, येत नाही. पण त्याचं कारण आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच आहे. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक पुंजका असतो, तो डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर शरीराचं घड्याळ लावतो. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकतं. लहान मुलाला किंवा पन्नाशीच्या माणसाला ज्या वेळी पेंग येते, त्याच्या बऱ्याच नंतर सोळा वर्षांच्या मुलाला येते, आणि सकाळही तितकीच पुढे जाते. पेशीच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं, हे फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाला 'आजकालच्या मुलांचा आळस' म्हणणं म्हणजे मिसरूड फुटण्याला आळस म्हणण्यासारखं आहे.

आता या मुलाला रात्री पावणेनऊपर्यंत ट्यूबलाइटखाली बसवा, दहा वीसला जेवू घाला आणि पाच चाळीसला उठवा. पुढे सरकलेलं घड्याळ एका बाजूनं झोप उशिरा आणतं, वेळापत्रक दुसऱ्या बाजूनं ती लवकर तोडतं. मधल्या जागेत मावते तेवढी झोप मिळते.

त्यावर उपाय म्हणून आम्ही कॉफी प्यायचो. क्लासच्या खालच्या टपरीवर संध्याकाळी सातला रांग असायची. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप दाटून येते. कॅफीन त्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. अॅडेनोसिन कमी होत नाही, फक्त त्याची हाक ऐकू येत नाही. आणि कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं मध्यरात्री रक्तात असतं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा वहीत मी फक्त 'झोप लागायला वेळ' असं लिहिलंय, नोव्हेंबरात जवळजवळ रोज.

वहीतली तिसरी ओळ सगळ्यांत बोलकी निघाली. सप्टेंबरमध्ये गणपतीला आम्ही पाच दिवस गावी, संगमेश्वरला गेलो होतो. क्लासनं सुट्टीचा म्हणून एक जाडजूड संच दिला होता. गावी वीज जायची, नेट नव्हतं, आरती झाली की जेवण आणि दहाच्या आत सगळे आडवे. सकाळी आजीच्या भांड्यांच्या आवाजानं सहा-साडेसहाला जाग यायची. दुपारी पडवीत बसून मी दोन-अडीच तास त्या संचातलं करायचे, जास्त नाही. त्या पाच दिवसांतली तिसरी ओळ ही ओळ राहिलीच नाही, ती अर्धं पान झाली. अक्षरसुद्धा सुटसुटीत आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक्सची गाउसच्या नियमावरची मांडणी मी तिथे पडवीत केली होती, ती आजही विचारली तरी सांगता येईल. नौपाड्यात तब्बल बारा तास बसून परतल्यावर लिहिलेल्या ओळी दोन-दोन शब्दांच्या आहेत. 'पी ब्लॉक. बोरॉन?' असं प्रश्नचिन्हासकट.

एका मुलीची वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. गावची हवा, घरची माणसं, टेस्ट नसणं, सगळंच तिथे बदललं होतं. पण जे माहीत आहे त्याच्याशी ते जुळतं. हर्मन एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून स्वतःला विचारून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. आणि झोपेत मेंदू रिकामा बसत नाही. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना आढळलं की उंदीर जागेपणी ज्या वाटेनं फिरला, त्या वाटेशी जोडलेल्या, हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागातल्या पेशी तो झोपल्यावर पुन्हा जोडीनं उजळतात. दिवसाचं काम रात्री पक्कं होतं. मग जो क्लास रात्रीचा तास वाढवून शिकवतो, तो आधीच्या तासांचं शिकवलेलंच खरवडून काढत असतो. शिकवण्याच्याच हिशेबानं हे नुकसानीचं आहे, तब्येतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी.

पण मला झोपेइतकंच दुसऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. प्रात्यक्षिकं.

मी बारावी विज्ञान शाखेची होते आणि बारावीच्या जानेवारीपर्यंत मी ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायची काचेची नळी, हातात धरली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी तीस गुण प्रात्यक्षिकाला असतात. त्या तीस गुणांसाठी आम्हाला तीन दिवस कॉलेजात बोलावलं. तीन दिवसांत दोन वर्षांचे प्रयोग. जर्नल आधीच तयार होतं, सीनियरांचं बघून उतरवलेलं, निरीक्षणांसकट. एका टेबलाशी आठ जण, एकानं करायचं, सातांनी बघायचं.

माझ्या वाट्याला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन आलं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायचा प्रयोग. त्यातलं गणित मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. एन फॅक्टर पाच, इक्विव्हॅलंट, मोलॅरिटी. शंभर गणितं सोडवली होती. द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम केलं आणि जांभळा थेंब सोडला. तो गेलाच नाही. तसाच तरंगत राहिला. मला वाटलं, संपलं, चुकलं. तिथल्या प्रयोगशाळा परिचर काका मागून म्हणाले, 'थांब बाळा, घाई नको, हलव नुसतं.' हलवत राहिले. हळूहळू तो जांभळा विरघळला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. दुसरा थेंब जरा लवकर गेला. तिसऱ्या-चौथ्यानंतर पडला की नाहीसा, पडला की नाहीसा. मी विचारलं, 'काका, असं का?' ते म्हणाले, 'असंच होतं, नेहमी.' कारण मला पुढे बीएस्सीत कळलं: अभिक्रियेत जे मँगनीजचे आयन तयार होतात तेच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. सुरुवातीला ते नसतात म्हणून पहिला थेंब रेंगाळतो. आणि मग एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग येऊन राहतो, जातच नाही.

त्या दुपारी मी दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बघून 'असं का?' विचारलं होतं. वहीत त्या रात्री आकडे नाहीत. फक्त 'गुलाबी राहिला' एवढंच लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय.

प्रयोगशाळेचा तास काढून घेतला म्हणजे फक्त रसायनशास्त्र कच्चं राहतं असं नाही. विद्यार्थ्याच्या दिवसात उभं राहण्याची, हात वापरण्याची, शेजारच्याशी बोलण्याची आणि काहीतरी होण्याची वाट बघण्याची ती एकच जागा असते. पाणी उकळेपर्यंत माणूस खिडकीबाहेर बघतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी दोन लेक्चरांमध्ये दोन तासांचं प्रॅक्टिकल ठेवलं, त्यात डोक्याला उसंत आपोआप होती. ती उसंत काढून तिथे बहुपर्यायी प्रश्न भरले, आणि मग महिन्यातून एकदा 'ताणाचं नियोजन' शिकवायला वक्ता बोलावला.

हे चालतं कसं, तर हजेरीमुळे. बोर्डाला ७५ टक्के उपस्थिती लागते. मुलं क्लासमध्ये असतात, हजेरी कॉलेजात लागते. हे सरकारला माहीत नाही असं नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारनं याच कारणासाठी विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. पण यंत्र अंगठा मोजतं. वर्गात शिक्षक होता का, प्रयोगशाळेत गॅस होता का, हे त्याला कळत नाही. आम्हाला महिन्यातून ठरावीक दिवशी नेऊन काय ते उरकलं जायचं. दोष यंत्राचा नव्हता. ज्याला शिकवायचं नाही आणि ज्याला शिकायला वेळ नाही, त्या दोघांची सोय बघितली गेली होती.

नियमांचा दुष्काळ आहे असंही नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, फार पहाटे किंवा फार रात्री नकोत, शाळा-कॉलेजच्या वेळेत नकोत, आठवड्याची एक सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, असं स्पष्ट लिहिलंय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लास या दोघांनाही बंधनं घातली. माझ्या वेळापत्रकाशेजारी ती तत्त्वं ठेवून पाहिली, तर एकही ओळ पाळलेली नव्हती. आणि हा नौपाड्यातला एखादा चुकार क्लास होता असं नाही. संध्याकाळी गोखले रोडवरून किंवा राम मारुती रोडवरून चालत जा आणि मान वर करून बघा. नऊ वाजता वरच्या मजल्यांवरच्या किती खिडक्यांत फळा दिसतो ते मोजा.

एक गोष्ट मला तपासायची होती. हे सगळं ट्रॅफिकमुळे तर नाही? माझा मावसभाऊ नवी मुंबईत नेरूळला राहतो. सिडकोनं वसवलेल्या त्या भागात घर, शाळा, मैदान सगळं हाताच्या अंतरावर. त्याचा क्लास सायकलवर दहा मिनिटांत. त्याला मी विचारलं, तेव्हा कळलं की त्याची बॅच साडेनऊला सुटायची. दहा मिनिटांचं अंतर असल्यामुळे क्लासनं त्याच्याकडून जास्तीचा पाऊण तास घेतला होता. वाचलेला वेळ मुलाला मिळत नाही, तो वेळापत्रकात जातो. म्हणून मेट्रो आली की हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत जास्त ऐकू येणारा म्हणजे स्पर्धा. 'आपला क्लास आठला बंद केला आणि बाकीचे दहापर्यंत शिकवत राहिले तर?' हा आक्षेपच नियमाच्या बाजूचा आहे, हे नीट बघितलं तर कळतं. रँक ही तुलनेनं ठरते. एकटी आई आपल्या मुलाला आठला घरी आणू शकत नाही, कारण तिच्या मनात शेजारचा मुलगा दहापर्यंत बसलेला असतो. त्या शेजारच्या आईच्या मनात हिचा मुलगा. एकही घर हे एकट्यानं सोडवू शकत नाही. पण सगळेच एकाच वेळी आठला उठले तर कुणाचीच रँक खाली जात नाही, आणि सगळेच दोन तास जास्त झोपतात. म्हणून हा नियम एखाद्या क्लासपुरता नको, राज्यभर हवा. ठाण्याला एक आणि लातूरला एक असं चालणार नाही.

आणि राज्य सरकारनं हे तत्त्व एकदा मान्य केलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. चांगलाच निर्णय होता. पण आठ वर्षांच्या मुलाचं घड्याळ सोळा वर्षांच्या मुलापेक्षा लवकरचं असतं. जो युक्तिवाद चौथीला लागू केला तो अकरावीला जास्त जोरानं लागू होतो. कॅलिफोर्नियानं तो कायद्यात घातला. तिथे जुलै २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. 'लवकर सोडलं तर इन्स्टा बघत बसतील.' मला वहीतलं एक निरीक्षण इथे ठेवावंसं वाटतं. मी मोबाईलवर सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो क्लासच्या सगळ्यांत लांब दिवसांत. पावणेबारा ते सव्वाबारा. त्यापुढे वहीत कंसात लिहिलंय, 'माझा वेळ'. पहाटेपासून ज्या मुलीचं एकही मिनिट तिचं नव्हतं, ती झोपेतून अर्धा तास चोरून स्वतःला देत होती. गावी त्या पाच दिवसांत मोबाईल कुठे होता हे मला आठवतसुद्धा नाही, आणि ते फक्त नेट नसल्यामुळे नव्हतं. संध्याकाळ माझी होती.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करणारा होता. बॅचमधली एक मैत्रीण लोकमान्य नगरला राहायची, एका खोलीत पाच माणसं. ती म्हणाली, 'तुला आठला घरी जायचंय. मला नाही. इथे पंखा आहे, उजेड आहे, कुणी भांडत नाही. क्लास बंद झाला तर मी कुठे बसू?' यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे, आणि ते महापालिकेच्या हातात आहे. प्रत्येक प्रभागात पालिका शाळेची इमारत संध्याकाळी कुलूपबंद उभी असते. तिचे तळमजल्यावरचे चार वर्ग संध्याकाळी पाच ते नऊ अभ्यासिका म्हणून उघडावेत. फी नको, टेस्ट नको, वर लक्ष ठेवायला कुणी ओरडणारं नको. दिवे, पंखे, पिण्याचं पाणी, मुलींसाठी स्वच्छ बाथरूम आणि एक पहारेकरी. घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. ज्या गावात १८९३ मध्ये लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं आणि आजवर चालवलं, त्या गावाला हे जड नाही. अभ्यासिकेतलं मूल पुस्तक मिटून उठू शकतं. क्लासमध्ये बाकावरून उठायला परवानगी लागते. त्या मैत्रिणीला शांत जागा हवी होती, बारा तासांचं वेळापत्रक तिनं मागितलं नव्हतं. जागेच्या गरजेपोटी तिला वेळापत्रक विकत घ्यावं लागलं, आणि तेही कर्ज काढून.

आणखी एक सांगायचं टाळत होते. ऑक्टोबरमध्ये आमच्या बॅचमधला एक मुलगा यायचा थांबला. हुशार, पहिल्या बाकावरचा. क्लासनं सांगितलं, 'त्याला झेपलं नाही.' नंतर तो स्वतः भेटला तेव्हा म्हणाला, अक्षरं हलायची, ओळ वाचली की मागची पुसली जायची, कारण नसताना रडू यायचं, आणि एक दिवस कोपरीच्या पुलावर खूप वेळ उभा राहिला. त्याला आणि त्याच्या आईला शेजारच्या बाईंनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी औषध दिलंच, पण सगळ्यात आधी झोपेचे तास विचारले. तो आता बरा आहे, आवडीचं शिकतोय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या नोंदींत देशभरात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिल्याचं नमूद आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची. प्रत्येक मृत्यूची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात, मी ती झोपेत कोंबणार नाही. पण 'झेपलं नाही' हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. त्यात वजन ठेवणारा कुठेच नसतो, फक्त वाकणारा असतो. असं वाटत असलेलं कुणी हे वाचत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. अकरावी-बारावीचा कुठलाही वर्ग, टेस्ट, डाउट किंवा 'स्टडी', नाव काहीही असो, रात्री आठला संपला पाहिजे आणि सकाळी साडेआठच्या आधी सुरू होता कामा नये. रविवार मोकळा. प्रात्यक्षिकं आठवड्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी तपासायला यायचं तर हजेरीच्या यंत्राकडे न बघता ब्युरेटकडे बघावं. वापरात असलेली काच आणि कपाटातली काच लगेच ओळखू येते. प्रत्येक क्लासनं बॅचच्या वेळा दारावर लावाव्यात आणि त्या मोडल्या तर तक्रार कुठे करायची तेही त्याखाली लिहावं.

आमच्या सोसायटीत यंदा सात मुलं अकरावी विज्ञानला गेली आहेत. पाच जणांची बॅच पावणेनऊला सुटते, दोघांची नऊला. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, 'आमचा पहिल्याच महिन्यात पेंगायला लागलाय गं, तुझं कसं होतं?' मी त्यांना घरी वही दाखवली. त्यांनी उभ्याउभ्या दोन पानं वाचली, मग सोफ्यावर बसून बाकीची. येत्या रविवारी, टेस्टहून मुलं परत आल्यावर, सातही घरची माणसं सोसायटीच्या ऑफिसात जमणार आहेत. सगळ्यांनी मिळून क्लासला एकच पत्र द्यायचं ठरतंय, वेळ आठ करा असं. काकूंनी मला वही घेऊन बोलावलंय. नोव्हेंबरच्या आणि गणपतीच्या पानांच्या आठ झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, एक जास्तीची क्लासच्या सरांसाठी.